पावणेबाराचा थेंब

सकाळचे सव्वाआठ म्हणजे आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारू नये अशी वेळ. ह्यांचा चष्मा हरवलेला असतो आणि तो शोधायला ह्यांना चष्मा लागतो. सासूबाईंना पेपर सगळ्यांच्या आधी हवा असतो, आणि वाचून झाला की "यात काहीच नाही" असं म्हणून चुरगळलेला परत द्यायचा असतो. मी डब्यांची झाकणं जुळवत होते. पाच डबे, सहा झाकणं, आणि त्यातलं एकही नीट बसेना. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बेल चालू असताना दार वाजवणारा माणूस एक तर अगदी घरचा असतो, नाही तर आत यावं की परत जावं हे त्याचं अजून ठरलेलं नसतं. दार उघडलं तर समोर तयारीबाई.

आमच्या रस्त्याच्या टोकाला, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तिथल्या डॉक्टरांचं तीस वर्षं बऱ्यापैकी भरलं आहे. तयारीबाई त्यांच्या खुर्चीशेजारी सव्वीस वर्षं उभ्या आहेत. हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत त्याच्या गळ्यात रुमाल, पेल्यात पाणी, ट्रेमध्ये हत्यारं ओळीनं. डॉक्टरांनी नुसता हात पुढं करायचा, मागायचं नाही. बाईंचे यजमान बस चालवायचे. ते एकदा माझ्यादेखत म्हणाले होते, "आमच्याकडे चहासुद्धा मी उठायच्या आधी गार होऊन तयार असतो." बाई तेव्हा रागावल्या नव्हत्या. उलट जरा फुलल्याच होत्या.

त्या दिवशी मात्र त्या दवाखान्याच्या निळ्या कोटात नव्हत्या. साध्या कपड्यात, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या. मी आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच घुटमळल्या. तुमच्या एकटीशी बोलायचं होतं, दहा मिनिटं मिळतील का, असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला वाटलं घरात कुणाचं काही बरंवाईट झालं. सासूबाईंचा पेपर एकदम खाली आला. मी बाईंना स्वयंपाकघरात नेलं आणि स्टूल पुढं केलं. त्या बसल्या नाहीत.

त्या काय बोलल्या ते सांगण्याआधी माझ्या दाताची हकिगत सांगायला हवी. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण ती सांगण्यासारखी नव्हती.

पाच वर्षांपूर्वी माझी खालची डावी दाढ किडली. डॉक्टरांनी कीड काढून, दाताच्याच रंगाचं सिमेंट भरून दिलं. इतकं छान की आरशात शोधूनही सापडेना. दीड वर्षानं थंड पाणी प्यायलं की तिथं सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं, आणि भरलेल्या भागाच्या कडेनं एक तपकिरी रेघ उमटली. पेन्सिलनं आखावी तशी. मी दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर पाचसहाजण होते. तयारीबाईंनी नेहमीच्या घाईत, आत नंबर लागायच्या आधीच, छोटा आरसा माझ्या तोंडात घालून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, ताई, आणि दात असे? स्वतः घासता, की नुसतं मुलीला सांगता?"

बाकावरचे हसले. मीही हसले, तोंड मिटून.

मला ते खरं वाटलं, हीच तर गोष्ट आहे. कधीमधी कंटाळा येतोच की. त्या एखाद्या कंटाळ्याच्या दिवसाला मी पकडून बसले आणि तपकिरी रेघ त्याच्या नावावर टाकली. आत गेल्यावर डॉक्टरांनी नुसतं पॉलिश करून दिलं, लक्ष ठेवू म्हणाले, सहा महिन्यांनी या म्हणाले. मी गेले नाही. साडेतीन वर्षं उजव्या बाजूनं चावत राहिले. आणि घरी मुलीच्या पाठीशी हातात घड्याळ घेऊन उभी राहायला लागले. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. एकदा ती तोंडात फेस तसाच ठेवून रडली होती. तेव्हा मी तिला काय म्हणाले असेन? "एवढी शिकतेस आणि दात असे?" शब्दसुद्धा माझे नव्हते, उसने आणले होते.

तर तयारीबाई स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "ताई, तुमची ती दाढ माझ्यामुळं बिघडली."

मला काही समजलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, ट्रे लावावा तसं क्रमानं.

सिमेंट दाताला आपणहून चिकटत नाही. कीड काढून झाली की डॉक्टर दातावर निळी जेल लावून तो भाग जरा खरखरीत करतात, धुतात, आणि मग एक थेंब लावतात. त्याला ते बाँड म्हणतात. पाण्यासारखा पातळ असतो. त्याच्यात स्पिरिटसारखं काहीतरी उडून जाणारं असतं, आणि तेच त्या चिकट औषधाला दाताच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांत घेऊन जातं. आत घुसलं की फुंकर मारल्यासारखी हवा द्यायची, स्पिरिट उडतं, चिकट तेवढं राहतं. मग निळा दिवा धरून ते कडक करायचं आणि वर सिमेंट भरायचं. सगळी मदार त्या थेंबावर.

पूर्वी याच्या दोन बाटल्या यायच्या. दोन्हीतला एकेक थेंब ऐन वेळी मिसळायचा, त्यामुळं आधी काढून ठेवायचा प्रश्नच नव्हता. सात वर्षांपूर्वी सगळं एकाच बाटलीत यायला लागलं. तयारीबाईंना वाटलं, चला, एक खटपट कमी झाली. त्या सकाळी नऊला येत, चार पेशंटचे चार ट्रे लावत, आणि प्रत्येक ट्रेमधल्या इवल्याशा खळग्यात बाँडचा थेंब काढून ठेवत. उजेडानं तो बिघडतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून वर काळं झाकण. उजेडापासून त्यांनी तो जिवापाड जपला. हवेनं काय होतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

झाकण काही घट्ट बसणारं नव्हतं. खळग्यात ठेवल्या ठेवल्या स्पिरिट उडायला लागायचं. मागं राहायचा तो घट्ट झालेला चिकटा. तो दातावर बसायचा, दातात जायचा नाही.

"वरून काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "चकचकीत दिसतं सगळं. कडेला केसाहून बारीक फट राहते. मग चहा, लाळ, जंतू, सगळं त्यातून आत. वरून झाकलेलं असतं म्हणून आतली कीड दिसतही नाही."

मी विचारलं, डॉक्टरांच्या लक्षात कसं आलं नाही.  त्या म्हणाल्या, डॉक्टरांची नजर दातावर असते. ते हात मागं करणार, मी ब्रश ठेवणार. सात वर्षांत त्यांनी मान वळवून बघितलं नाही, कारण बघायची गरज पडू नये अशीच मी वागत होते.

मान वळवली ती डॉक्टरांच्या सुनेनं. ती तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यात यायला लागली. तिला सगळे धाकट्या डॉक्टर म्हणतात. एका बाईंचं जुनं सिमेंट काढायला तिनं टोकदार हत्यार लावलं तर ते अख्खंच्या अख्खं सुटून आलं, डबीचं झाकण यावं तसं. खाली दात मऊ, तपकिरी. त्याच आठवड्यात आणखी दोघींचं तसंच. मग एका सकाळी ती ट्रेपाशी थांबली, काळं झाकण उचललं आणि हा थेंब कधी काढला म्हणून विचारलं.

"मी ताठ मानेनं सांगितलं, नऊला," तयारीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघितलं."

पुढचं त्यांनी ओट्याकडं बघत सांगितलं. बाटलीच्या खोक्यात माहितीचा कागद असतो. तो प्रत्येक कागद बाईंनी जपून ठेवला होता, एका खणात, रबर लावून. एकही उघडलेला नव्हता. धाकट्या डॉक्टरांनी त्यातलाच एक उघडून वाचून दाखवला. ऐन वेळी काढावा, लगेच लावावा, बाटली लगेच बंद करावी. डॉक्टर तिथंच होते.  हात धुतलेले असताना पुन्हा धुवायला गेले.

त्या संध्याकाळी बाईंनी भेटींच्या वेळांची जुनी पुस्तकं काढली. वेळा देणाऱ्या त्याच, त्यामुळं अक्षर त्यांचंच. साडेनऊला ऑफिसला जाणारे. त्यांचा थेंब अर्ध्या तासाचा, म्हणून त्यातल्या त्यात बरा. सव्वादहाला दुकानवाले. अकराला कॉलेजची मुलं. आणि पावणेबाराला घरचं आवरून येणाऱ्या बायका. पावणेतीन तास खळग्यात वाळलेला थेंब त्यांच्या वाट्याला. सात वर्षांत अशा एकशे चौदा बायका निघाल्या.

"पावणेबाराची वेळ मीच द्यायचे तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बायकांना ती सोयीची."

सोयीची होतीच. मला आठवलं, मी स्वतः मागून घेतली होती. सगळ्यांचं आवरून झाल्यावर उरेल ते आपलं, ही सवय इतकी मुरलेली की दवाखान्यातही आमच्या ताटात उरलंसुरलंच पडलं, आणि वाढणारीही आमच्यातलीच एक होती.

माझी जीभ आपोआप त्या दाढेवर गेली. रेघेवरून फिरली. बाईंनी माझा गाल हललेला बघितला आणि सवयीनं दटावलं, "जिभेनं चाचपू नका, ताई." मग स्वतःच ओशाळल्या. डोळे खाली गेले. तुम्हाला सांगायचा मला आता काय अधिकार, असं काहीतरी पुटपुटल्या.

खरं सांगते, मला तेव्हा त्यांची दया आली नाही. मला तो बाक आठवला. ते हसणं आठवलं. मुलीच्या तोंडातला फेस आठवला. 

"म्हणजे मी दात घासत होते," मी म्हणाले.

"घासत होतात, ताई."

त्यांनी हे खाली मान घालून म्हटलं, आणि माझ्या मनात काय आलं असेल? त्यांनी हे जरा मोठ्यानं म्हणावं. बाहेर सासूबाईंना ऐकू जाईल असं. दवाखान्यातल्या त्या दिवसाची गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नव्हती, तरी आता निर्दोष सुटल्याचं मात्र सगळ्यांना कळावं असं मला वाटत होतं. बाईंचा चेहरा बघितला आणि माझीच मला शरम वाटली. सव्वीस वर्षं ताठ उभं राहिलेलं माणूस माझ्या ओट्यापाशी खांदे पाडून उभं होतं, आणि मी त्यांचा आवाज वाढण्याची वाट बघत होते.

सासूबाईंना काय, वाढवलेल्या आवाजाची गरज नव्हतीच. त्या पाणी प्यायच्या निमित्तानं आत आल्या, भांडं भरलं, प्यायल्या नाहीत. "आपलेच दात, आपलेच ओठ," म्हणाल्या. "कुणाला बोलायचं? माझी कवळी बरी. काढली की धुतली." आणि जाता जाता त्यांनी ते पाण्याचं भांडं तयारीबाईंच्या हातात दिलं. सासूबाई माणसाला माफ करतात ते असं, तोंडानं टोमणा मारत.

पाणी पिऊन बाई शेवटी स्टुलावर टेकल्या. मग उरलेलं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले होते की चूक माझी, मी बघायला हवं होतं. सगळ्यांना फोन करून तपासणीला बोलावू आणि लागेल तिथं नवीन भरून देऊ, कारण सांगत बसायची गरज नाही. सुनेचं म्हणणं, कारण सांगायलाच हवं. सासरे-सून चार दिवस एकमेकांशी पेशंटपुरतंच बोलत होते. तिसरं मत कुणी विचारलं नव्हतं. ते तयारीबाईंनी दिलं. म्हणाल्या, फोन नको, मी घरी जाऊन सांगते.

"डॉक्टर कुणाला कधी घालूनपाडून बोलले नाहीत, ताई. मी बोललेय. ज्यांचं सिमेंट काळं पडायचं त्या प्रत्येकीला मी सांगायचे, तुम्ही नीट घासत नाही. चोराच्या उलट्या बोंबा. फोनवरून हे कसं सांगणार?"

रोज सकाळी दवाखान्याच्या आधी एक घर, असं त्या करत होत्या. माझं विसावं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई म्हणे खूप हसल्या आणि म्हणाल्या, मलाही कधीकधी शिलाई उसवल्याचं गिऱ्हाईकानंच सांगावं लागतं. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं स्वतःचं सोडून नवऱ्याच्या दातांबद्दल अर्धा तास विचारलं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं, बस म्हणाल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या की मी येईन, पण त्या वेळी तू खोलीत नसावीस. त्यानंतर आणखी चौघींनी दवाखान्यात फोन करून तेच सांगितलं.

"मग तुम्ही काय करता तेव्हा?" मी विचारलं.

"बाहेर बेसिनपाशी हत्यारं धुते."

कामाला लागल्या तेव्हा, एकवीस वर्षांच्या असताना, त्या तेच करत होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, मला ते आधीपासून माहीत होतं. तीन वर्षं नळाशी, मग खुर्चीशेजारी. नळापासून खुर्चीपर्यंत चार पावलांचं अंतर असेल. या बाईंनी ते शाळेत न जाता, नुसतं बघून बघून कापलं होतं. कुठलं हत्यार कधी लागतं, कुठल्या पेशंटला घाम फुटतो, कुणाला दिव्याचा त्रास होतो. बघत आल्या म्हणून त्या खुर्चीपर्यंत आल्या, आणि वाचलं नाही म्हणून पुन्हा नळाशी गेल्या.

आता ट्रेमधला खळगा रिकामा असतो म्हणाल्या. डॉक्टरांनी बाँड म्हटलं की बाटली उघडायची, थेंब काढायचा, बाटली बंद करायची, खळगा धाकट्या डॉक्टरांना दाखवायचा. त्या मान हलवतात, मग ब्रश द्यायचा.

"आठ सेकंद लागतात," बाई म्हणाल्या. "मोजले मी. आठ सेकंद वाचवत होते."

बाहेरून ह्यांनी हाक मारली. चष्मा सापडला होता, आता किल्ली सापडत नव्हती. मी गेले, किल्ली त्यांच्याच खिशातून काढून दिली, डबा दिला, दार लावलं. परत आले तर बाईंनी माझी सहाही झाकणं ओट्यावर मांडली होती आणि पाच डब्यांवर पाच बरोबर बसवून सहावं वेगळं ठेवलं होतं. मला बघून त्यांनी हात मागं घेतले.

उद्या साडेनऊची वेळ माझ्यासाठी ठेवली आहे, असं त्यांनी सांगितलं. धाकट्या डॉक्टर जुनं काढतील, खाली काय आहे ते बघतील. कीड वरवर असेल तर तिथल्या तिथं भरून होईल. खोल गेली असेल तर दाताच्या नसेपर्यंत जावं लागेल, आणि तसं असेल तर त्या मला आधीच सांगतील, लपवणार नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज जरा पूर्वीसारखा झाला होता. मी म्हटलं, साडेनऊला यायचं तर घरचं सगळं लवकर आवरायला हवं, पण येते. एक दिवस ह्यांना आपलं आपण शोधू दे.

बोलणं संपलं होतं. त्या उठल्या, पर्स घेतली, बाहेरच्या खोलीतून सासूबाईंना येते म्हणाल्या, चपला घातल्या. मी दार उघडून धरलं. त्या जिन्याची एक पायरी उतरल्या आणि तिथंच थांबल्या, माझ्याकडं पाठ करून. मला वाटलं पट्टा निघाला असेल. पट्टा काही निघाला नव्हता. त्या वळल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"ताई, तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या तुमचा दात भरताना खुर्चीशेजारी मला उभं राहू द्या."